इंजेक्शन आधी, सीटी नंतर: घाई झाली का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार, डॉक्टर. माझ्या आईचं (वय ६४) गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं. अडीच आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एका शुक्रवारी ती म्हणाली, या खोलीतून त्या खोलीत जाईपर्यंत दम लागतो. मला वाटलं, अशक्तपणा असेल. रविवारी पहाटे तिला श्वासच पुरेना, तेव्हा हॉस्पिटलात नेलं. नाडी ११८ होती, बीपी ठीक होतं, ऑपरेशन झालेल्या पायाची पोटरी सुजलेली होती. तपासल्यावर अर्ध्या तासातच त्यांनी पोटावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं. सीटी स्कॅन त्यानंतर तीन तासांनी झाला, त्यात दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या.

दादा म्हणतो, ऑपरेशन ताजं असताना, रिपोर्ट हातात नसताना असं इंजेक्शन देणं म्हणजे जुगार. आणि तोच म्हणतो, मी शुक्रवारीच नेलं असतं तर एवढं झालंच नसतं. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दादाच्या सासऱ्यांना याच आजारात आधी बरेच दिवस इंजेक्शनं आणि गोळ्या दोन्ही चालू होत्या. आईला मात्र दुसऱ्याच दिवशी ॲपिक्सॅबॅन सुरू केली. सात दिवस दहा मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, आठव्या दिवसापासून पाच. डोस इतक्या लवकर निम्मा का केला? आता सहावा आठवडा चालू आहे. आई हिंडते-फिरते, दम लागत नाही. ती विचारते, बरी झाले तर गोळ्या कशाला? त्यात दाढ काढायची आहे, आणि दाताचे डॉक्टर म्हणतात, चार दिवस गोळी बंद ठेवा. काय करू?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या दादांच्या दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवून पाहा. हॉस्पिटलने तीन तास थांबायला हवं होतं, ही एक. तुम्ही दोन दिवस थांबायला नको होतं, ही दुसरी. या दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. या आजारात वेळेला किंमत असेल, तर ती हॉस्पिटलच्या दारातून आत गेल्यावर संपत नाही. आणि वेळेला किंमत आहे, म्हणूनच इंजेक्शन आधी आणि सीटी नंतर असा क्रम लागला.

हे पटायला ते औषध नेमकं काय करतं, ते आधी पाहू. ‘रक्त पातळ करणारं’ असं आपण म्हणतो, पण रक्ताचा दाटपणा त्याने बदलत नाही, आणि फुप्फुसात जाऊन अडकलेली गुठळीही ते विरघळवत नाही. ते गुठळी वाढू देत नाही आणि नवी बनू देत नाही. आहे ती विरघळवण्याचं काम शरीर स्वतःच करतं, रक्तातल्या प्लाझ्मिन नावाच्या द्रव्याच्या मदतीने, आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. घरात पाणी भरलं तर आधी नळ बंद करतात, पाणी किती साचलंय ते नंतर मोजतात. हे औषध म्हणजे नळ बंद करणं.

फुप्फुसातली गुठळी बहुतेक वेळा तिथे तयार झालेली नसते. ती पायाच्या खोल शिरांमध्ये, पोटरीत किंवा मांडीत बनते, तिथून सुटते, हृदयाच्या उजव्या भागातून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. पहिला तुकडा माणूस पुष्कळदा सोसतो. जीवघेणा ठरू शकतो तो मागून येणारा. पायात अजून काही शिल्लक असेल आणि तेही सुटलं, तर आधीच ताणाखाली असलेला हृदयाचा उजवा कप्पा तो दुसरा धक्का पेलेलच असं नाही. हे पुढचे काही तास किंवा दिवस रोगी दिसायला बरा असू शकतो. म्हणून डॉक्टर घाई करतात, आणि म्हणूनच ती घाई घरच्यांना कळत नाही.

१९६० साली बॅरिट आणि जॉर्डन या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी ब्रिस्टलमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसात गुठळी असल्याचं निदान झालेल्या रुग्णांपैकी काहींना रक्त गोठू न देणारी औषधं दिली, काहींना दिली नाहीत. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण पुन्हा गुठळी होऊन गेले, आणि आणखी ५ जणांना गुठळी पुन्हा झाली, पण ते वाचले. औषध मिळालेल्या १६ जणांत गुठळीमुळे एकही मृत्यू झाला नाही. उपचार न देणारा गट पुढे चालू ठेवणं त्यांना योग्य वाटेना. आकडे लहान आहेत, आजच्या कसोट्या लावल्या तर त्या अभ्यासात दोषही पुष्कळ सापडतील. पण तेव्हापासून या आजारात कोणाला औषधाविना ठेवून तुलना करायला डॉक्टर सहसा धजावलेले नाहीत. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी सीटी स्कॅन नव्हता. निदान नाडी, श्वास, छातीतली कळ, ईसीजी आणि एक्स-रे यांवरूनच करावं लागे. रिपोर्टाआधी औषध देणं ही काही आजची उतावीळ फॅशन नाही.

आता आईकडे वळू. रिपोर्ट नव्हता म्हणजे डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं, असं नाही. असा रुग्ण आला की बरेच डॉक्टर वेल्स स्कोअर नावाचं गुणपत्रक वापरतात. कागदावर मांडतातच असं नाही, अनुभवी माणूस ते मनातल्या मनात करतो. नाडी शंभराच्या वर असेल तर दीड गुण. गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल तर दीड. पायात गुठळीची चिन्हं दिसत असतील तर तीन. दुसरं कुठलंही निदान याहून जास्त पटण्याजोगं नसेल तर आणखी तीन. आधी कधी गुठळी झाली होती का, खोकल्यातून रक्त पडलं का, कॅन्सर आहे का, याचेही गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की गुठळीची शक्यता बरीच आहे असं धरतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या पायाला थोडीफार सूज असतेच, म्हणून ते तीन गुण हवं तर सोडून देऊ. तरी आईचे सहा होतात. दारातून आत आणलं त्याच मिनिटाला सहा. याला जुगार म्हणता येणार नाही.

मग नियम काय सांगतो? युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की शक्यता जास्त किंवा मध्यम असेल, तर तपासण्या चालू असतानाच औषध सुरू करा, विलंब नको. अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये ही पायरी घड्याळ लावून सांगितली होती. दाट संशय असेल तर लगेच द्या. मध्यम संशय असेल आणि तपासणीला चार तासांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर द्या. संशय कमी असेल आणि चोवीस तासांत निकाल मिळणार असेल तर थांबा. मला ही मांडणी आवडते, कारण थांबायचं कधी हेही ती सांगते. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाला हे इंजेक्शन टोचायचं नसतं.

दादांची भीती मात्र बिनबुडाची नाही. कुठून रक्तस्राव चालू असेल, नुकताच मेंदूत रक्तस्राव होऊन गेला असेल, प्लेटलेट फारच कमी असतील, तर डॉक्टर हात आवरतात. ऑपरेशन काल-परवाचं असतं तर सर्जनला विचारल्याशिवाय कोणी पुढे गेलं नसतं. अडीच आठवड्यांनंतर गुडघ्याची जखम बरीच भरलेली असते. तिथे थोडा रक्तस्राव होण्याचा धोका आणि फुप्फुसात दुसरी गुठळी जाण्याचा धोका, यांत दुसरा भारी होता. आणि समजा, सीटीत काहीच निघालं नसतं, तर? त्या एका इंजेक्शनचा प्रभाव साधारण बारा तासांत बराचसा ओसरतो. पुढचा डोस दिला नसता, विषय तिथेच संपला असता. द्यावं की थांबावं यात चूक झालीच, तर कोणती चूक सुधारता येण्याजोगी आहे, हाही हिशेब डॉक्टर करतात.

तीन तासांबद्दल आणखी एक सांगतो. पोटावर कातडीखाली दिलेल्या अशा इंजेक्शनचा जोर पुरता चढायला तीन ते पाच तास लागतात. म्हणजे तुमच्या आईला सीटीच्या टेबलावर घेतलं, तेव्हा औषध जेमतेम पूर्ण ताकदीला पोचत होतं. रिपोर्ट आल्यावर दिलं असतं, तर तोच टप्पा गाठायला दुपार उलटली असती.

लवकर दिल्याने फरक पडतो याचा पुरावा विचाराल, तर २०१० साली अमेरिकेतल्या ४०० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इमर्जन्सी विभागातच हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन सुरू झालेल्यांपैकी १.४ टक्के रुग्ण हॉस्पिटलात दगावले. वॉर्डात गेल्यावर सुरू झालेल्यांपैकी ६.७ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा अभ्यास नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय घड्याळाला देता येणार नाही. ज्यांना उशिरा मिळालं ते मुळातच जास्त गुंतागुंतीचे रुग्ण असू शकतात. पण ‘थांबलेलं बरं’ असं सांगणारा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

आता शुक्रवार.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ‘दोन दिवसांनी काही फरक पडत नाही’ असं लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत अचानक दम लागू लागला तर त्याच दिवशी दाखवायला हवं, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं. पण ‘एवढं झालंच नसतं’ हे दादांचं वाक्यही खरं नाही. शुक्रवारी दम लागला तो बहुधा गुठळी तेव्हाच फुप्फुसात पोचली होती म्हणून. शुक्रवारी नेलं असतं तरी आजार हाच निघाला असता, इंजेक्शन हेच मिळालं असतं, गोळ्यांचे महिनेही तेवढेच. बदललं असतं ते एवढंच, की मधले दोन दिवस आई औषधाच्या संरक्षणाखाली असती. तो धोका होता, तो टळला. या आजारात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत काही दिवस जाणं अगदी नेहमीचं आहे, कारण दम लागण्याला अशक्तपणा, कफ, वय, वजन अशी दहा कारणं चटकन सापडतात. डॉक्टरांनाही सापडतात. ऑपरेशन होऊन घरी पाठवताना ‘पोटरी सुजली किंवा दम लागला तर त्याच दिवशी या’ हे कोणी तुम्हाला नीट बसवून सांगितलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही. सांगितलं नसेल, तर दादांनी आधी तिकडे बोट दाखवावं.

तिकडचीच आणखी एक गोष्ट. सांधा बदलल्यावर गुठळी होऊ नये म्हणून किमान दहा ते चौदा दिवस, आणि पुष्कळदा पस्तीस दिवसांपर्यंत, प्रतिबंधक औषध देतात. कोणी इंजेक्शन देतं, कोणी गोळी, कोणी ॲस्पिरिन. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. आईला तेव्हा ॲस्पिरिन दिलेली असेल आणि ती अजून चालू असेल, तर डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. ॲपिक्सॅबॅनच्या जोडीला ॲस्पिरिन चालू राहिली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि जुन्या चिठ्ठीवरची गोळी नव्या चिठ्ठीसोबत तशीच चालू राहिलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर त्यांचंही तेच. तूर्त पॅरासिटामॉलवर भागवा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

दादांच्या सासऱ्यांना इंजेक्शन आणि गोळ्या दोन्ही होत्या, त्या अर्थी त्यांची गोळी वॉरफॅरिन किंवा त्याच कुळातली असणार. वॉरफॅरिनची एक अडचण आहे. रक्त गोठवणारे घटक यकृतात बनतात, आणि वॉरफॅरिन ते बनणं रोखतं. पण आधीपासून रक्तात असलेले घटक संपायला वेळ लागतो. त्यातला प्रोथ्रॉम्बिन उतरायला तर काही दिवस लागतात. उलट प्रोटीन सी नावाचा घटक, जो एरवी रक्त गोठणं आवरतो, तो काही तासांतच उतरतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत नुसतं वॉरफॅरिन दिलं तर रक्त गोठण्याकडेच कल वाढू शकतो. म्हणून सोबत इंजेक्शन किमान पाच दिवस चालू ठेवतात, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, दोनच्या वर येऊन चोवीस तास टिकला की मगच बंद करतात. सासऱ्यांचे उपचार जास्त भारी होते किंवा आईचे हलके आहेत, असं काही नाही. ॲपिक्सॅबॅन घेतल्यावर तीन-चार तासांत कामाला लागते, तिला इंजेक्शनच्या आधाराची गरज पडत नाही.

डोस निम्मा करण्याचंही कारण हेच घड्याळ आहे. गुठळी ताजी असते ते पहिले दिवस रक्तात गोठण्याची प्रक्रिया जोरात चालू असते, तेव्हा मोठा डोस लागतो. ॲपिक्सॅबॅनचे सात दिवस. रिव्हारोक्सॅबॅन नावाच्या तिच्या बहिणीचे एकवीस दिवस, पंधरा मिलिग्रॅम दोनदा, आणि नंतर वीस मिलिग्रॅम एकदा. ती जेवणाबरोबरच घ्यावी लागते, ॲपिक्सॅबॅनला तशी अट नाही. डॅबिगॅट्रॅन आणि एडॉक्सॅबॅन या दोघींच्या आधी पाच दिवस इंजेक्शनं द्यावी लागतात. प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं, ते एकमेकींना लावायचं नाही. ‘आणखी आठवडाभर मोठा डोस चालला तर बिघडलं कुठे?’ असं वाटतं, पण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, फायदा वाढतो असं दिसलेलं नाही. आठव्या दिवशी निम्मा केलात, ते बरोबर केलंत. जिथे गोंधळ होतो तो याच्या उलट असतो. पहिल्या आठवड्याची पाकिटं संपतात, पुढची आणलेली नसतात, आणि मध्ये दोन दिवस रिकामे जातात. औषधाविना राहण्याचा सगळ्यात वाईट काळ असेल तर तो पहिला महिना. निदान इथून पुढे पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवं आणत जा.

ॲपिक्सॅबॅनचा प्रभाव शरीरात साधारण अर्धा दिवस टिकतो, म्हणून दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी. सकाळची घ्यायची राहिली आणि दुपारी आठवलं, तर आठवेल तेव्हा घ्या आणि रात्रीची नेहमीच्या वेळेला घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. वेळ थोडी मागेपुढे झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. वारंवार चुकायला लागली तर मात्र डॉक्टरांना सांगा. फिट्स, क्षय किंवा बुरशीच्या आजारावरची काही औषधं हिचा प्रभाव घटवतात किंवा वाढवतात, तेव्हा मधेच दुसरं काही सुरू झालं तर ही गोळी चालू आहे हे आधी बोला.

पत्रात नसलेला एक प्रश्न, जो दादा नक्की विचारतील. गुठळी विरघळवायचं औषध असतं, मग ते का नाही दिलं? असतं, अल्टेप्लेस, टेनेक्टेप्लेस अशा नावांचं. बीपी कोसळलेलं असतं, रुग्ण शॉकमध्ये असतो, तेव्हा तेच जीव वाचवू शकतं आणि तिथे मिनिटं मोजली जातात. बीपी ठीक असलेल्यांना ते देऊन पाहिलं, तेव्हा काय झालं? २०१४ साली हजारभर रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं बीपी ठीक होतं, पण हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण होता. हे औषध मिळालेल्यांपैकी २ टक्के जणांना मेंदूत रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत ०.२ टक्के. आईचं बीपी ठीक होतं आणि ऑपरेशनला तीन आठवडेही झालेले नव्हते. ते दिलं असतं, तर ‘जुगार’ हा दादांचा शब्द मीही वापरला असता.

आता आईंचा प्रश्न, तो मला सगळ्यात रास्त वाटतो. बरं वाटतंय, मग गोळी कशाला? बरं वाटतंय कारण फुप्फुसातला रक्तप्रवाह मोकळा होत चालला आहे. पण सहाव्या आठवड्यात काम अर्ध्यावर आलेलं आहे. किमान तीन महिने गोळी चालू ठेवतात. त्याआधी थांबवली तर गुठळी परत होण्याचं प्रमाण वाढतं, हे दिसलेलं आहे. आईंना हेही सांगा की त्यांचा तीन महिन्यांनी सुटका होण्याचा योग चांगला आहे. ऑपरेशनसारखं ठळक आणि संपून गेलेलं कारण असेल, तर औषध थांबवल्यावर पहिल्या वर्षात गुठळी परत होण्याचं प्रमाण साधारण १ टक्का असतं, पाच वर्षांत ३ टक्के. काहीही कारण नसताना गुठळी झालेल्यांमध्ये हेच आकडे १० आणि २५ टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणून त्यांची गोळी पुष्कळदा अनेक वर्षं चालते, सहा महिन्यांनंतर कमी डोसवर. कॅन्सर चालू असेल तरी औषध चालू राहतं. दादांच्या सासऱ्यांचं अजून चालू असेल, तर असं काही कारण असेल. त्यांच्याशी तुलना इथेही नको.

रक्तस्रावाची धास्ती असेल तर एक आकडा धीर देईल. ॲपिक्सॅबॅनची तुलना जुन्या पद्धतीशी, म्हणजे आधी इंजेक्शन आणि मग वॉरफॅरिन, पाच हजारांहून जास्त रुग्णांत केली गेली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सहा महिन्यांत मोठा रक्तस्राव जुन्या पद्धतीत १.८ टक्के जणांना झाला, ॲपिक्सॅबॅनवर ०.६ टक्के. ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त, किरकोळ लागल्यावर निळं-काळं होणं, हे चालायचंच. शौच डांबरासारखी काळी होणं, लघवीतून रक्त, डोक्यावर पडणं, न थांबणारा घोळणा, यांपैकी काहीही झालं तर फोनवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पुन्हा अचानक दम लागला किंवा चक्कर येऊन पडल्या, तरीही तेच.

तीन महिने पूर्ण होतील त्या सुमाराला, गोळ्या संपायच्या आत, डॉक्टरांची वेळ घ्या. तेव्हा गुठळी गेली का हे पाहायला पुन्हा सीटी करायचा हट्ट धरू नका. आईला दम लागत नसेल तर सीटीची सहसा गरज नसते, आणि एखादी जुनी रेघ दिसली म्हणून गोळी वाढवायची, असंही नसतं. त्या भेटीत जिना चढायला लावा. तीन महिन्यांनंतरही दम लागत असेल, तर मात्र हृदयाची इको तपासणी करून घ्या. थोड्या रुग्णांत गुठळ्या पूर्ण विरघळत नाहीत आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढत जातो. त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि ते वेळेवर ओळखलं जावं लागतं.

ता. क. दाढ राहिलीच. चार दिवस गोळी बंद करायची नाही. पहिल्या तीन महिन्यांत टाळता येण्याजोगं कोणतंही काम पुढे ढकलावं, दाढही. आणखी सहा आठवडे ती सहन होणार असेल तर तारीख बदलून घ्या. पू झाला असेल किंवा ठणका असह्य असेल, तर एक दाढ बहुतेक वेळा गोळी बंद न करता, टाके घालून आणि कापूस दाबून, काढता येते. फार तर त्या दिवशीची सकाळची गोळी मागे-पुढे करावी लागते. ते तुम्ही ठरवू नका आणि दाताच्या डॉक्टरांनीही एकट्याने ठरवू नये. आईला औषध देणाऱ्या डॉक्टरांचा नंबर त्यांना द्या आणि दोघांना बोलू द्या.